हरणाबाईंच्या ओव्यांची फाइल

मी सुमंत आरवाडे, सांगलीतला एकमेव खासगी गुप्तहेर. नजर घारीची, कान सशाचे. बुद्धी कुणासारखी हे ठरलेलं नाही, तुलनेला अजून कोणी सापडलेलं नाही. माणसाची चप्पल पाहून मी त्याचं गाव सांगतो. गाव चुकतं, पण चप्पल बरोबर असते.

१९९४च्या मार्चमध्ये सुरेखा मगदूम यांच्या टायपिंग केंद्रातून निरोप आला. खरं तर तो संगणक दुरुस्त करणाऱ्यासाठी होता. दुरुस्तीवाला महाबळेश्वरला गेला होता आणि त्याच्या दुकानात मी बसलो होतो, म्हणून मी गेलो.

हळदीच्या बाजारात पोती शिवणाऱ्या हरणाबाईंच्या तीनशे ओव्या सुरेखाताईंनी दोन महिने ऐकून संगणकावर उतरवल्या होत्या. रविवारी पुस्तकाचं प्रकाशन होतं, छापखाना खोळंबला होता आणि फाइल उघडत नव्हती. दुसरी प्रत नव्हती. यादीत फाइलीच्या नावाच्या जागी नुसत्या चौकटी, रेघा आणि एक उलटं प्रश्नचिन्ह. ही चिन्हं कळफलकावर नव्हतीच. नाव टाइप करता येईना, म्हणून संगणक फाइल देईना.

“सांकेतिक लिपी!” मी म्हणालो. “उलटं प्रश्नचिन्ह, म्हणजे गुन्हेगार शीर्षासनात लिहितो.”

“फाइलीला नवं नाव काल मीच दिलं,” सुरेखाताई म्हणाल्या.

“उभ्यानं की बसून?”

त्यांनी कळफलक माझ्यापासून लांब सरकवला. मी तशी नोंद केली.

मग मला कन्नडचा संशय आला. बेदाण्याची लेबलं करून घ्यायला आलेल्या तासगावच्या रामगोंडा पाटलांना कन्नड येत होतं. त्यांनी पडद्याकडे बराच वेळ पाहिलं.

“हे कन्नड न्हाई, मराठी न्हाई. हे कुणाचंच न्हाई, गड्या.”

“म्हणजे परदेशी हात!”

त्यानंतर मी व्हायरस ओळखला आणि सगळ्यांना तोंडाला रुमाल बांधायला लावले. तरीही फाइल उघडेना. शेवटी मी रामबाण उपाय सांगितला. “अख्खी डिस्क पुसा. फाइलीला लपायला जागाच उरणार नाही.”

मी कळफलकाकडे हात नेला तसं सुरेखाताईंनी माझं मनगट पकडलं. कोपऱ्यात स्टुलावर बसलेल्या हरणाबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

“निम्म्या ओव्या आईच्या हायत्या वो. आता माझ्या बी ध्यानात ऱ्हाईनात.”

सुरेखाताई खाली बसल्या. “चूक माझीच, मावशी. नाव देताना मराठी टायपिंग चालूच राहिलं. या मशीनला नावात मराठी कळत नाही, त्यानं कचरा लिहून ठेवला. आता नावच घेता येत नाही, तर बोलवू कशी?”

“आवं, नाव कशाला घ्याया पायजे?” हरणाबाई म्हणाल्या. “चाळीस वर्सं मी मालकांचं नाव घेतलं न्हाई. ‘आवं, ऐकलं का’ म्हणलं की येत्यात. घरात दुसरं बापय हाय कोण?”

सुरेखाताई उठून उभ्या राहिल्या. “संगणकाच्या त्या कप्प्यातही दुसरी फाइल नाही!”

नाव बदलायची आज्ञा देताना जुन्या नावाच्या जागी त्यांनी चांदणीचं चिन्ह टाकलं. संगणकाच्या भाषेत चांदणी म्हणजे ‘जे कोणी असेल ते’. पुढे साध्या इंग्रजी अक्षरांत नवं नाव दिलं. फाइल मुकाट्यानं उघडली.

सुरेखाताई पहिली ओवी वाचू लागल्या. हरणाबाईंनी अडवलं. “थांबा. तितं ‘सासू’ न्हाई, ‘जाऊ’ हाय.”

“फेरफार!” मी ओरडलो.

रामगोंडांनी मला चहाला म्हणून बाहेर नेलं आणि आपण आत परत गेले.

रविवारी पुस्तक निघालं. आभाराच्या पानावर रामगोंडांचं नाव आहे, छापखान्यातल्या चहावाल्याचंही आहे. माझं नाही. गुप्तहेराला गुप्त ठेवावं लागतं, ही सुरेखाताईंची समज मला फार आवडली.