अठ्ठ्याण्णव टक्के सांधा

कॅमेऱ्याने वेल्डिंग करणाऱ्या मिस्त्रींचा सांधा पाहिला आणि पडद्यावर लाल अक्षरं उमटली, ‘सदोष’.

वेल्डिंग चालू असतानाच सांधा चांगला की वाईट हे कॅमेऱ्याने सांगायचं, या विषयावर संशोधकाची डॉक्टरेट सात वर्षं चालली होती. शेवटची मुदतवाढ आज संपत होती. समोर उभ्या परीक्षकांचं समाधान झालं नाही, तर नोंदणी रद्द. सकाळी निघताना बायको म्हणाली होती, की तिच्या बाबांनी आता विचारायचं सोडून दिलंय, आणि ते जास्त वाईट आहे.

कॅमेऱ्याला शिकवायला सात हजार फोटो काढले होते. चांगले सांधे सगळे मिस्त्रींनी जोडलेले. वाईट सांधे पहिल्या वर्षाच्या मुलांकडून करून घेतले. त्यासाठी त्यांना वेगळं काही शिकवावं लागलं नव्हतं.

मार्गदर्शक सरांनी लोखंडाची पट्टी बदलायला लावली. सदोष. दिवा बदलला. सदोष. खिडकीचा पडदा ओढला, मग उघडला. दोन्ही वेळा सदोष. मिस्त्रींनी तीस वर्षांत टाक्या जोडल्या, पूल जोडले. त्यांच्या कामाला नावं ठेवणारा अजून जन्माला आला नव्हता. आज तो डब्यातून निघाला.

“मी जाऊ का?” मिस्त्रींनी विचारलं. “तुमच्या यंत्राला माझं काम पटत नाहीये.”

सरांनी त्यांना कसंबसं थांबवलं. मिस्त्रींनी एकच अट घातली, मोजे स्वतःचे. पाहुणे येणार म्हणून कार्यालयाने दिलेले नवे हातमोजे फार ताठ होते, बोट वळत नव्हतं. ते काढून त्यांनी खिशातले जुने चढवले. काळे, अंगठ्यावर लाल कातड्याचं ठिगळ असलेले. पुन्हा ठिणग्या उडाल्या. पडद्यावर हिरवी अक्षरं आली, ‘उत्तम, सत्त्याण्णव टक्के’.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. सर इतके खुलले, की परीक्षकांनाच एक सांधा घालून बघायचा आग्रह करू लागले. परीक्षकांनी वेल्डिंगवर तीन पुस्तकं लिहिली होती, पण वेल्डिंग करायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. आढेवेढे घेत त्यांनी मिस्त्रींचेच मोजे चढवले आणि जो सांधा घातला, तो भिंतीवर चिखल फेकल्यासारखा दिसत होता.

पडदा म्हणाला, ‘उत्तम, अठ्ठ्याण्णव टक्के’.

“मिस्त्रींपेक्षा एक जास्त,” परीक्षक म्हणाले. नम्रपणे म्हणाले, पण दोनदा म्हणाले.

मिस्त्रींनी ती पट्टी टेबलाच्या कडेवर हलकेच आपटली. तिचे दोन तुकडे झाले.

आता संशोधकाच्या डोक्यात उजेड पडला. चांगल्या सांध्याच्या प्रत्येक फोटोत कोपऱ्यात तो लाल ठिगळाचा अंगठा होता. सात वर्षं कॅमेरा सांधा बघतच नव्हता. सर त्याला कोपराने ढोसत होते, तरी त्याच्या तोंडून निघून गेलंच.

“सर, चूक झाली. कॅमेरा सांधा नाही ओळखत. मोजा ओळखतोय.”

परीक्षकांनी हातातल्या मोज्याकडे पाहिलं, मग पडद्यावरच्या आकड्याकडे. आकडा अजून हिरवाच होता.

“तुमचा स्वतःच्या संशोधनावर विश्वास नाही?” त्यांनी शांतपणे विचारलं.

“पण सर, सांधा तुटला.”

“लोखंडात दोष असेल. त्याला कॅमेरा काय करणार?”

सरांनी लगेच मान डोलावली. लोखंड यंदा खराबच येतंय, असंही म्हणाले. संशोधकाने आणखी एकदा तोंड उघडलं. तेवढ्यात परीक्षकांनी अहवालावर सही केली, आणि ते तोंड उघडं असतानाच तो डॉक्टर झाला.

एकच दुरुस्ती सुचवली होती. नवशिक्या हाताचं कौशल्यही हे यंत्र ओळखतं, याचा पुरावा म्हणून परीक्षकांच्या सांध्याचा मोठा फोटो प्रबंधात घालायचा. पण सांधा तर दोन तुकड्यांत पडला होता. नवे डॉक्टर ते तुकडे घेऊन मिस्त्रींकडे गेले आणि, होता तसाच पुन्हा जोडून द्या, म्हणून गयावया करू लागले.

मिस्त्रींनी तुकडे बराच वेळ न्याहाळले.

“जोडून देईन, पण असा नाही येणार. हात वळायचा नाही. तुम्हीच करा की.”

सात वर्षांत डॉक्टरांनी वेल्डिंगचं हँडल कधी हातात धरलं नव्हतं. काच तोंडापुढे धरून, श्वास रोखून त्यांनी आयुष्यातला पहिला सांधा घातला. धूर विरल्यावर मिस्त्रींनी तो हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला.

“हुबेहूब,” ते म्हणाले.