नेमात आलेलं चितळ

आमच्या क्वार्टरांच्या ओळीत दर रविवारी दुपारी शिकारीचे वाटे पडायचे. सोनबाजी मेश्राम खाकी अर्धी चड्डी, साइटवरचे जड बूट आणि खांद्याला लांबलचक ठासणीची बंदूक अशा थाटात दारोदार फिरून ज्याचा त्याला वाटा पोचवायचे.

"टायमबाबू, आज चितळ होतं. तुमाले मांडी आली, बरं का."

"वा, भाऊ! मजा झाली," मी म्हणायचो.

एवढं झालं की ते पुढच्या दारी. हातात पातेलं नाही, पानात बांधलेलं काही नाही. ते चितळ त्या वेळी नंदिनीच्या खाणींकडच्या रानात चारही पायांवर उभं राहून पाला खात असायचं, आणि इकडे आमची अख्खी ओळ त्याच्या मांड्या स्वीकारून मोकळी झालेली असायची.

भिलाईला तेव्हा कारखाना उभा राहत होता. जिकडे पाहाल तिकडे खणलेली लाल माती, गर्डर आणि घामाघूम झालेले रशियन साहेब. मी टाइम ऑफिसात हजेऱ्या लावायचो. सोनबाजी खलाशांचे जमादार होते, म्हणजे विंच आणि दोरखंड लावून ते गर्डर उभे करणाऱ्या टोळीचे म्होरके. आम्ही दोघंही भंडाऱ्याकडचे, दोघांनीही नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. मी बाजारपेठेच्या गावात वाढलेला, ते साकोलीकडच्या रानातले.

त्यांचा घोटाळा एवढाच झाला होता की बंदूक आधी आली आणि दीक्षा नंतर. मालगुजारी, म्हणजे तिकडची जमीनदारी, गेल्यावर त्यांच्या गावच्या मालगुजाराने घरातल्या चीजवस्तू विकायला काढल्या. सोनबाजींनी हट्टाने ती बंदूक घेतली, कचेरीत खेटे घालून लायसन करवून घेतलं, आणि पहिल्या शिकारीचा बेत ठरतो आहे तोवर दीक्षेचा दिवस आला. पंचशीलातलं पहिलंच शील निघालं जीवहत्या न करण्याचं.

"जरा मांगंपुढं झालं असतं त एक तरी डुक्कर पाडलं असतं," ते हळहळायचे. "पन आता घेतलं शील त घेतलं."

त्यांच्या बायकोचा, यमुनाबाईंचा, त्या बंदुकीवर पहिल्यापासून राग. "इकून टाका ते लाकूड," त्या म्हणायच्या. "शिलाई मशीन तरी येईन घरात."

"इकली त घेनारा मारीन. मंग पाप कोनाले लागन? माह्यापाशी हाय तवरी बंदूकबी पंचशीलात हाय."

 यावर यमुनाबाई भांडी जरा जास्त आवाज करून घासायच्या.

रविवारी सकाळी ओट्यावर तयारी चालायची ती बघण्यासारखी असायची. आधी खोबरेल तेलाने नळी पुसायची. मग शिंगातली दारू तळहातावर घेऊन फुंकर मारून पाहायची, ओल लागली तर नाही ना. दारू नळीत, वर चिंध्यांचा बोळा, मग गजाने ठासणं. शेवटी छर्र्यांची पिशवी निघायची. मूठभर छर्रे हातात घेऊन, खुळखुळवून, त्यांच्याकडे प्रेमाने पाहून ते म्हणायचे, "तुमी आज घरीच." आणि पिशवी परत खुंटीला. रानात अस्वल आडवं आलंच तर आवाजापुरती दारू असावी, एवढीच त्यांची सोय.

शिकार न करणारा हा माणूस शिकाऱ्यांचे सगळे नियम मात्र पाळायचा. शनिवारी साबण लावायचा नाही, कारण वास जातो. रानात बिडी नाही. जनावराचं नाव घ्यायचं नाही, चितळाला 'ठिपकेवाला' म्हणायचं आणि डुकराला 'मामा'. एकदा मी बरोबर गेलो होतो. उन्हात पालथं पडून आम्ही कितीतरी वेळ एका मामाची वाट पाहिली. माझ्या पोटरीवर मुंग्या चढल्या तरी हलायची परवानगी नव्हती. मामा आला, सोनबाजींनी बंदूक खांद्याला लावली, श्वास रोखला, पुटपुटले, "आला नेमात," आणि बंदूक खाली घेतली. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की जणू पंगतच उठली. मी मुंग्या झटकत राहिलो.

कारखान्यातल्या साहेबलोकांनाही शिकारीचा नाद होता. या माणसाला रानाची माहिती आहे म्हणून ते त्याला जीपमध्ये घालून न्यायचे. सोनबाजी त्यांना अगदी बरोबर जागी नेऊन उभे करायचे. जनावर समोर यायचं, साहेब बंदूक उचलायचे, आणि नेमक्या त्याच क्षणी सोनबाजींना खोकला यायचा. साधासुधा नाही, फुप्फुसं बाहेर येतील असा. एका दयाळू रशियन साहेबाने त्यांना दवाखान्यात नेऊन छातीचा फोटो काढवला. फोटोत छाती ठणठणीत निघाली. त्यानंतर जीप यायची बंद झाली, तसा खोकलाही गेला.

आमच्या ओळीत टोकाला पाठक नावाचे क्लार्क राहायचे, वर्ध्याचे, पक्के शाकाहारी. त्यांना मांडी कशी द्यायची? सोनबाजी त्यांच्यासाठी रानातून तेंदू, चारं, कधी बोरं आणून ओंजळीत घालायचे. म्हणजे अख्ख्या ओळीत शिकारीतून खरोखर काही मिळत असेल तर ते फक्त पाठकांना. आम्ही मटण खाणारे मात्र रिकाम्या हातांनी ढेकर द्यायचो.

मला खोड काढल्याशिवाय चैन पडत नाही. एकदा मी विचारलंच, "भाऊ, चौथं शील खोटं न बोलायचं. आणि तुम्ही शिकार केली म्हणून ओळभर सांगत फिरता!"

सोनबाजी दुखावले. "मी कधी म्हनलं मारलं? सांगा नं. एकडाव तरी तो शब्द निंगाला काय माह्या तोंडातून? मी म्हनतो नेमात आलं. आलतंच. वारा तोंडावर, नळीवरची माशी त्याच्या खांद्यावर, चापावर बोट. सोडली असती त पडलंच असतं."

हे खरं होतं. 'मारलं' हा शब्द त्यांनी कधीच वापरला नव्हता.

मी तरी गप्प बसतो का? "पण भाऊ, एका चितळाला मांड्या किती? मला मांडी, सरदारजींना मांडी, त्या केरळच्या नर्सबाईंना मांडी. हे चितळ आहे की गोम?"

ते बंदुकीच्या दस्त्यावरून हात फिरवत म्हणाले, "आमच्या गावात बंदूकवाल्याले मांडी. पाटलाले मांडी. माहा बा हाकेकरी होता, टिनाचा डबा वाजवत काट्याकुट्यातून जनावर बंदुकीपुढं आनून द्यायचा. त्याले खूर अन् आतडी. तेबी दुरून, पळसाच्या पानावर टाकत. मी बाच्या बाजूले उभा राहून पाह्यलं हाय." मग बंदूक भिंतीला टेकवत, "माह्या शिकारीत आतडी निंगतच नाही, बाबू. सारी मांडीच निंगते."

त्यानंतर मी मांडीचा विषय काढला नाही. रविवारी मांडी आली की गुपचूप घ्यायचो.

असं सगळं सुरळीत चाललं असताना सोनबाजींचे वडील, बकारामबाबा, गावाहून आले. वय झालेलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, अंगावर मांस उरलेलं नाही. डॉक्टरांनी तपासून बाहेर येऊन सांगितलं, शस्त्रक्रिया सोसणार नाही, जे खावंसं वाटेल ते खाऊ घाला. याचा अर्थ आम्हाला कळला. पण खावंसं काहीच वाटत नव्हतं. म्हातारबा भात चिवडून ताट सरकवायचे.

पहिल्याच रविवारी गंमत झाली, आणि ती सोनबाजींच्या अंगलट आली. म्हातारबा ओट्यावर ऊन खात बसले होते. दिसत नसलं तरी कान तिखट. मुलगा दारोदार सांगत चालला होता, "तुमाले मांडी, बरं का," आणि घराघरातून "वा भाऊ, वा भाऊ" येत होतं. सोनबाजी परत घराशी आले तेव्हा म्हातारबा हात पुढे करून बसले होते.

"साऱ्याइले वाटली. बाची मांडी कोठी हाय?"

सोनबाजी पायरीवर बसले.

"जिंदगीभर डबे वाजवले," म्हातारबा सांगू लागले. "मांडी कशी लागते ते मले मालूम नाही. आता आपली बंदूक हाय, माह्या पोरानं मारून आनलं. खाऊन पाह्यतो मी."

"पुढच्या रविवारी, बा," सोनबाजी कसंबसं म्हणाले. "आजची सरली."

तो आठवडा त्यांनी कसा काढला ते मी पाहिलं आहे. गर्डर वर चढत असताना खाली उभं राहून इशारे देणारा हा पक्का माणूस दोनदा चुकीचा हात दाखवून बसला. बाप किती दिवसांचा सोबती होता कोण जाणे. त्याने आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं होतं. मारावं तर पहिलं शील जातं, आणि न मारावं तर बाप उपाशी जातो.

"भाऊ, दीक्षा त्यांनीही घेतली ना?" मी म्हटलं. "समजावून सांगा."

"सांगतलं मी. तो म्हनते, मी कोनाले मारलं? मी त नुसता डबा वाजवला. तू मार, मी खातो, माहं शील साबूत राह्यते."

शेवटी मीच मार्ग काढला. रविवारी सकाळी मी दुर्गच्या बाजारात जाऊन बकऱ्याची मांडी आणायची, सोनबाजींनी रानात जाऊन यायचं, आणि यमुनाबाईंनी झणझणीत रस्सा करायचा. म्हाताऱ्या जिभेला काय कळतंय!

"अन् बानं इचारलं, मारलं काय, तवा?"

"तेव्हाचं तेव्हा बघू," मी म्हटलं.

पण एकदा ठरलं म्हटल्यावर सोनबाजींनी त्यात शिकाऱ्याचं सगळं कसब ओतलं. रानात आभाळाकडे बार काढून आले, का तर बा नळीचा वास घेईल. आणि तसंच झालं. म्हातारबांनी बंदूक जवळ ओढून नळीच्या तोंडाशी नाक नेलं आणि मान डोलावली, "जळली हाय दारू." इकडे स्वयंपाकघरात यमुनाबाई कुजबुजत भांडत होत्या, कारण नवऱ्याने खुंटीवरची पिशवी काढून उकळत्या रश्शात छर्रे टाकले होते.

"म्हाताऱ्याचे दोनच दात उरले, तेबी तोडता काय?"

"शिकारीचं मटन हाय. छर्रा लागलाच पाह्यजे दाताले."

पान मांडलं. म्हातारबांना आधी वाढलं, अख्खी मांडी. आम्ही दोघं समोर बसलो. म्हातारबांनी बोटांनी मांडी चाचपली. हाडावरून अंगठा फिरवला, सांध्याशी थांबवला, पुन्हा फिरवला. हजारदा जनावरं सोललेली बोटं ती. मांडी खायला मिळाली नसली तरी सोलायचं काम त्यांच्याकडेच असायचं, हे आमच्या बेतात कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

"कोनं मारलं हे?" त्यांनी विचारलं.

यमुनाबाई चुलीपुढे तशाच थांबल्या.

"मी मारलं, बा," सोनबाजी म्हणाले.

म्हातारबांनी पहिला घास घेतला. सावकाश चघळला. मग तोंडातून काहीतरी काढलं आणि चिमटीत फिरवलं. छर्रा होता, आणि तोही अगदी बारीक, तितरावर मारतात तो. चितळासाठी मोठी गोळी हवी. घाईत शिकाऱ्याने शिकाऱ्यापुढे अशी चूक केली होती जी मलाही कळली.

"तितराच्या छर्र्यानं चितळ पाडलं," म्हातारबा हळू म्हणाले. छर्रा त्यांनी पानाच्या कडेला ठेवला. "भारी नेम हाय बापा तुहा."

आणि ते जेवले. सगळी मांडी खाल्ली, हाड चोखलं, रश्शात भात कालवून मागून घेतला. कितीतरी दिवसांनी ताट रिकामं झालं. हात धुतले आणि काठी टेकत बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

थोड्या वेळाने सोनबाजी दिसेनात म्हणून मी मागे गेलो. मोरीपाशी बसून ते पातेलं घासत होते आणि रडत होते. यमुनाबाई बाजूला पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या, पण त्यांनी पातेलं हातातून घेतलं नाही.

"बाले समजलं," ते म्हणाले. "हाडाले हात लावला तवाच समजलं."

"मग रडता कशाला? पोटभर जेवले ना?"

"आयका नं."

मी ऐकलं. पुढच्या ओट्यावरून म्हातारबांचा आवाज येत होता, इतके दिवस नव्हता एवढा खणखणीत. पाठक, सरदारजी, नर्सबाई, सगळे जमले असावेत. बकारामबाबा त्यांना सांगत होते, वारा कसा पडला, ठिपकेवाला पाण्यावर कसा आला, त्याने कान कसे टवकारले आणि आपल्या पोराने किती धीर धरला. त्यात खरं एक अक्षर नव्हतं.

"मालगुजारानं पट्ट्यानं मारलं तवा हा मानूस खोटं नाही बोलला," सोनबाजी म्हणाले. "आज माह्यासाठी बोलून राहिला."

 मला त्या क्षणी दोघांच्याही पाया पडावंसं वाटलं, पण मी नुसताच उभा राहिलो. सोनबाजींनी पातेलं खाली ठेवलं, बाहीने तोंड पुसलं आणि ते पुढे गेले. मीही मागोमाग गेलो. म्हातारबा ऐन भरात होते आणि मध्येच अडखळले. 

"मंग लागलं कोठी, सोन्या?" त्यांनी हवेत हात पुढे करून विचारलं.

"खांद्यात, बा," सोनबाजी म्हणाले. बापाचा हात हातात धरून ते त्यांच्या शेजारी बसले. "तिथंच पडलं. हाललंबी नाही."

"पाह्यलं?" म्हातारबा लोकांकडे तोंड करून म्हणाले. "माह्या पोरानं मारलं."