नळी धुऊन दाखव

अकरावी सायन्सला गणित ठेवायचं की सोडायचं, हे आमच्या शहाद्याच्या कॉलेजात गुणपत्रिकेवर ठरत नाही. ते बेसिनवर ठरतं. हिलाल आप्पा मुलाच्या हातात एक मळकी परीक्षानळी देतात आणि म्हणतात, "धुईसन दखाड."

आप्पा रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतले परिचर. डोक्यावर पांढरी टोपी, खिशात नळ्या घासायचा ब्रश, आणि स्वतःवर एवढा विश्वास की तेवढा मला माझ्या एम.एस्सी.वर नाही. मी तिथे शिकवते आणि जूनमध्ये प्रवेशाच्या टेबलावर बसते. मी मार्क बघते, आप्पा हात बघतात. "नळी सगळं सांगस, म्याडम," हे त्यांचं ठरलेलं.

मोजून तीनदा खळखळवणारा गणिताचा. धुतल्यावर उजेडाकडे धरून डाग शोधणारा जीवशास्त्राचा. दोन्ही करील त्यानं दोन्ही ठेवावेत. एकदा एका केळीवाल्या बागायतदाराच्या चिरंजीवांनी नळी दोन बोटांत धरून नुसती ओली केली आणि पुसायला वडिलांकडे दिली. आप्पांनी वडिलांना सांगितलं, प्रवेश तुम्हीच घेऊन टाका. मी आप्पांना रागावले, पण दर वेळी दोन वर्षांनी, बारावीच्या निकालात, त्यांचंच खरं निघतं आणि माझा जीव जळतो.

माणूस तसा फार धांदरट. निदान आम्ही तसंच समजत होतो. बीकर फुटो, ब्युरेट फुटो, प्राचार्य साहेबांनी विचारलं की उत्तर एकच: "मन्हा हातमा फुटनी, सर." दोनदा मेमो मिळाला, तरी ढिम्म. हाताला तूप लावून येता का, असं मीही एकदा सुनावलं होतं. नुसते हसले.

यंदा विषयांचे फॉर्म द्यायच्या शेवटच्या दिवशी रविता आली. डोंगरातल्या मोलगीच्या पुढच्या एका पाड्यावरची, सोबत आई. तिथला सोलरचा दिवा बंद पडला की दुरुस्तीचा माणूस दोन-दोन महिने फिरकत नाही, म्हणून तो दिवा आपणच दुरुस्त करायला शिकायचं, हे तिनं ठरवून टाकलं होतं. म्हणजे पुढे बी.एस्सी.ला पदार्थविज्ञान, आणि त्याला बारावीचं गणित हवंच. पण दहावीला गणितात जेमतेम पास. आश्रमशाळेत अर्धं वर्ष गणिताला शिक्षकच नव्हते. मी शहाणपणानं म्हटलं, "बाळा, गणित सोड. बायोलॉजी घे, टक्के वाढतील." गणित की बायोलॉजी, तो रकाना तिनं कोराच ठेवला.

तेवढ्यात आप्पांनी तिला नळी दिली आणि साहेबांनी बोलावलं म्हणून ते निघून गेले. रवितानं नळी धुतली. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा ती निसटून फरशीवर खळ्ळकन फुटली. मी ओरडले, "सोड! हात कापशील!" काळजीनंच ओरडले हो, पण माझा आवाज वर्गात मुरलेला. पोरगी पांढरीफटक पडली. तरी खाली बसून एकेक काच वेचत राहिली.

मी झाडू आणायला गेले, तो सापडायलाच पंधरा मिनिटं गेली. परत येते तो दोघी गायब. टेबलावर फॉर्म, आणि त्याच्याशेजारी वर्तमानपत्राच्या कागदावर ती नळी पुन्हा जुळवून ठेवलेली. तुकड्याला तुकडा लावून. काठाची नखाएवढी कपचीसुद्धा जागच्या जागी होती. कुणाच्या पायात काच जाऊ नये म्हणून तिनं नळी पूर्ण जुळेपर्यंत एकेक तुकडा शोधला होता.

आप्पा आले, कागदावर वाकले, बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "गणित."

"अहो, ती गेली घाबरून. माझंच चुकलं."

आप्पांनी फॉर्म उचलला आणि स्टँडवर जायला मला स्कूटर काढायला लावली. जन्मात कधी स्कूटरवर न बसलेला माणूस, वाटभर एका हातानं टोपी आणि दुसऱ्यानं माझी पर्स घट्ट धरून बसला होता.

स्टँडवर मोलगीची गाडी लागलेली होती. रविता खिडकीशी होती. आम्हाला बघून ती आईच्या पदराआड सरकली. आप्पा खिडकीखाली उभे राहिले आणि सांगू लागले. अकरावी सायन्सला याच कॉलेजात तेही होते, ही गोष्ट मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकली. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या हातून ब्युरेट फुटली. काचा शर्टाखाली लपवून ते घरी गेले, ते परत वर्गात आलेच नाहीत. रोज वाटायचं, कुणीतरी येईल, चल म्हणेल. पुढे कामाला लागले, आणि बऱ्याच वर्षांनी त्याच प्रयोगशाळेत नळ्या धुवायला आले.

"मले कोणी बलावाले उनं नही, माय," आप्पा म्हणाले. "म्हनीसन तुले बलावाले मी उनू."

रवितानं आईकडे पाहिलं. आई आधीच पिशवी घेऊन उठली होती. खाली उतरून रवितानं माझ्या स्कूटरच्या सीटवर फॉर्म ठेवला आणि कोऱ्या रकान्यात गणित लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं. मी तिला म्हटलं, चुकीचं सांगितलं मी, आणि रोज कॉलेज सुटल्यावर गणिताच्या सरांकडे तुला मी स्वतः नेऊन बसवीन. सर नाही म्हणायची हिंमत करणार नाहीत.

मायलेकींना रिक्षात बसवलं आणि आम्ही मागोमाग कॉलेजकडे निघालो. आप्पा पुन्हा माझी पर्स धरून. फुटलेल्या नळीचं साहेबांना काय सांगायचं, असं मी विचारलं, तर "मन्हा हातमा फुटनी" त्यांच्या तोंडात तयारच होतं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. इतक्या वर्षांचे पोरांनी फोडलेले ते बीकर, ते मेमो, माझं ते तुपाचं बोलणं. माझी मलाच लाज वाटली.

"आप्पा, खरं सांगा. तुमच्या स्वतःच्या हातून आजवर किती फुटल्या?"

मागून पर्सवरची पकड जरा घट्ट झाली.

"एक," आप्पा म्हणाले.