वैजयंताची चढाई

दिवाळीत कबड्डीच्या चढाईला गेलेल्या वैजयंता खोतचा दम होळी आली तरी तुटला नव्हता, आणि असा दम टिकतो का यावरच सुनावणीत वाद होईल असं ऋजुताला वाटलं होतं. परदेशात खेळांचा कायदा शिकून ती नुकतीच गावी परतली होती आणि वैजयंताची वकील झाली होती. इथे येऊन पाहते, तर दमाबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती.

तक्रार वेगळीच होती. चढाई संपलेली नाही, म्हणजे वैजयंता जाईल तिथे समोरच्या संघाचं अंगण. तिचा हात लागेल तो बाद. जिन्यात प्राचार्यांना लागला, तेव्हापासून ते कॉलेजबाहेरच्या बाकावर होते. बाद माणसानं आत काम करायचं नसतं, त्यामुळे सह्या अडल्या. म्हणून वैजयंता निलंबित, आणि रविवारच्या विद्यापीठ निवडीला अपात्र.

अपील समितीचे अध्यक्ष शेळके खुर्ची बरीच मागे ओढून बसले होते. वैजयंताचं "कबड्डी, कबड्डी" पाटाच्या पाण्यासारखं संथ चालू होतं. शिपायाचे डोळे मिटत होते.

"एकदा 'चुकले' म्हण, पोरी. निलंबन मागे घेतो."

"त्यानं दम तुटेल," ऋजुता म्हणाली. "सगळी चढाई फुकट जाईल!"

"आणि बाकावरचे घरी जातील. ते दिसत नाही का, वकीलबाई?"

खिडकीबाहेरून वैजयंताची आई ओरडली. वेणी घालताना तीही बाद झाली होती. "माझ्यासाठी काही बोलू नकोस गं! इथं वारं छान लागतंय. सर घोरतात, तेवढंच."

अध्यक्षांनी चष्मा पुसला. "निकाल उद्या सकाळी. वकिलांनी हजर राहायचं. वकिलाशिवाय निकाल देता येत नाही, आणि अपिलाचा निकाल होईपर्यंत निलंबन स्थगित राहतं."

सकाळी ऋजुता युक्तिवाद पाठ करत जिना चढत होती. वरून वैजयंता येत होती. वकीलबाईंना धक्का लागू नये म्हणून ती भिंतीला चिकटून, अंग चोरून उभी राहिली. ओठ तेवढे हलत होते.

ऋजुता थांबली. मग तिनं हात पुढे केला.

वैजयंतानं तिच्याकडे पाहिलं, दम न सोडता हसली, आणि तळहातावर बोटं टेकवली.

ऋजुता खाली आली. बाकावर आई सरकली.

"बस. सर, पाय घ्या की जरा."