मागील बाजू पुढील बाजूप्रमाणे

बटणाला दोन बाजू असतात, ही बाब कारखाना सुरू झाल्यानंतर एकतीस वर्षांनी प्रथमच प्रशासनाच्या निदर्शनास आली. ती आणून देण्याचं सगळं श्रेय नव्या काटकसर अधिकाऱ्यांना जातं. रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी एक बटण टेबलावर ठेवलं, बराच वेळ त्याच्याकडे बघितलं, मग ते उलटं केलं आणि पुन्हा बराच वेळ बघितलं. कारखान्यात बटणाकडे एवढ्या लक्षपूर्वक बघणारा साहेब आजवर कुणाच्या पाहण्यात नव्हता, त्यामुळे शिपाई चहा घेऊन दारातच उभा राहिला आणि चहा निवून गेला.

तोपर्यंत कारखान्याचं बरं चाललं होतं. बटणं कापली जात, त्यांना भोकं पाडली जात आणि मग ती पिंपात जात. पिंप म्हणजे माणसाच्या छातीइतकं उंच, आठ बाजूंचं, पट्ट्यावर फिरणारं लाकडी यंत्र. त्यात पाच हजार बटणं, पाणी, दगडाची बारीक भुकटी आणि दोन-चार मुठी लाकडाचे तुकडे टाकायचे, झाकण घट्ट लावायचं आणि फिरवत ठेवायचं. बटणं एकमेकांवर आपटत, घासत, एकमेकांचे कंगोरे काढत आणि दहा तासांनी गुळगुळीत होऊन बाहेर पडत. माणसांना याच कामाला चाळीस वर्षं लागतात आणि तरी खात्री देता येत नाही.

पिंपावर जे गृहस्थ होते त्यांना सगळा कारखाना पिंपकाका म्हणत असे. ते घड्याळ बघत नसत. पिंपाला कान लावत. आधी खडखड, मग खळखळ, आणि शेवटी सुपात धान्य पाखडल्यासारखा मऊ आवाज आला की पट्टा काढायचा. मग मूठभर बटणं हातात घेऊन, दोन्ही अंगठ्यांनी दोन्हीकडून चाचपून, ते मालाच्या दाखल्यावर सही करत. ही सही बटणांच्या प्रत्येक पुठ्ठ्यावर छापलेली असे. दुकानदार कारखान्याचं नाव विसरत, सही विसरत नसत.

पिंपकाकांचं घर कारखान्याच्याच वसाहतीत होतं आणि पुढच्या खोलीत त्यांच्या बायकोचं शिवणयंत्र होतं. बावीस वर्षं ती कपडे शिवत होती. तिला सगळे शिवणकाकू म्हणत. तिचा एकच शब्द होता, "कापड विरेल, पण माझं बटण निघायचं नाही." लोक नवाकोरा शर्ट दुसरीकडून विकत घेत आणि तो घरी नेण्याआधी बटणं उसवून तिच्याकडून पुन्हा लावून घेत. त्या घरात सोनंनाणं नव्हतं. हा शब्द होता, आणि त्यावर दोघांचं म्हातारपण निघणार होतं.

काटकसर अधिकाऱ्यांचा अहवाल बेचाळीस पानांचा होता. त्याचं सार असं की, बटणाची मागील बाजू कपड्याकडे तोंड करून असल्याने ती कोणाच्याही दृष्टीस पडत नाही. सबब तिच्यावर होणारी चकाकी हा अदृश्य स्वरूपाचा अपव्यय असून तो एकूण चकाकीच्या पन्नास टक्के इतका भरतो. मोठ्या साहेबांनी 'पन्नास टक्के' एवढंच वाचलं आणि मंजुरी दिली.

अधिकारी स्वतः पिंपाजवळ आले. अंगात चेन लावलेलं जाकीट होतं. बटण औषधालाही नव्हतं.

"काका, हे यंत्र फक्त वरची बाजू घासेल असं काही करता येईल का?"

"साहेब, पिंपात वर-खाली नसतं. सगळं गरागरा फिरतं."

"म्हणजे शिस्त नाही."

"शिस्त नाही, पण बटण चांगलं होतं. आणि मागची बाजू घासावीच लागते. नाही घासली तर भोकाची कड धारदार राहते. दोरा कापला जातो."

अधिकाऱ्यांनी वही काढली. "दोरा आपण बनवतो का?"

"नाही."

"मग दोरा हा विषय आपल्या कक्षेत येत नाही," असं म्हणून त्यांनी वही मिटली.

आता पिंपाला अक्कल शिकवायची कशी, हा प्रश्न उरला. त्यावर तोडगा असा निघाला की, दोन-दोन बटणं पाठीला पाठ लावून डिंकाने चिकटवायची. म्हणजे पिंपाला मागची बाजू सापडणारच नाही! त्यासाठी जोडणी विभाग उघडला आणि त्यात वीस बायका नेमल्या. घासून झाल्यावर जोड्या सोडवायच्या, म्हणून गरम पाण्याच्या टाक्या आल्या आणि विलगीकरण विभागात आणखी वीस बायका आल्या. गरम पाण्याने पुढची चकाकी जायला लागली, तेव्हा ती परत आणण्यासाठी हाताने ब्रश मारणारे तीस जण घेतले. नाकापेक्षा मोती जड झाला, पण महिन्याला दगडाच्या भुकटीची दीड गोणी वाचली आणि त्या दीड गोणीचा तक्ता रंगीत करून मोठ्या साहेबांच्या खोलीत लावण्यात आला.

राहता राहिला दाखला. दुकानदारांशी झालेल्या करारात 'दोन्ही बाजू गुळगुळीत' असं स्वच्छ लिहिलं होतं. त्यावरही अधिकाऱ्यांनी नवा नमुना तयार केला. 'पुढील बाजू: तपासली, गुळगुळीत. मागील बाजू: पुढील बाजूप्रमाणे.' खाली सहीसाठी रेघ.

"मी मागची बाजू तपासलेली नाही," पिंपकाका म्हणाले.

"म्हणून तर 'प्रमाणे' लिहिलंय. खोटं कुठंय त्यात?"

"आणि मी सही नाही केली तर?"

"तर पिंपावरचा माणूस नव्या पद्धतीला अपात्र आहे, असा निष्कर्ष निघेल. निवृत्तीला किती महिने राहिले तुमचे?"

"सात."

"घर कारखान्याचंच ना?" अधिकाऱ्यांनी अगदी मायेने विचारलं. "काकूंचं शिवणाचं कामही तिथेच चालतं म्हणे. छान, छान."

इकडे आड, तिकडे विहीर. पिंपकाकांनी आडात उडी मारली, कारण विहिरीत बायकोचं शिवणयंत्र दिसत होतं. सही केली आणि घरी ही गोष्ट सांगितली नाही.

पुढे काय होणार हे त्यांना एकट्यालाच माहीत होतं, आणि तेच झालं. आधी मास्तरांच्या कोटाचं बटण वर्गात शिकवताना टपकलं. मास्तर हसत आले. मग पोस्टमनची दोन गेली. तो हसला नाही. महिन्याभरात बटण घेऊन येणाऱ्यांची रांग लागली आणि जो तो शिवणकाकूंच्या हातावर बटण ठेवून म्हणायचा, "काकू, हे तुम्ही लावलं होतं." तिने दोरा दुहेरी केला. मग त्याला मेण लावलं. मग जाड दोरा आणला, चष्म्याचा नंबर तपासून घेतला, एकेक बटण तीनदा ओवलं. बटणं आपली पडतच होती.

एकदा जेवताना ती म्हणाली, "अहो, माझा हात गेला का हो? वय झालं का माझं?"

पिंपकाकांनी ताटातली नजर वर केली नाही. "छे गं, दोरे हल्ली चांगले येत नाहीत," एवढं बोलून ते हात धुवायला उठले.

खोटं फार दिवस टिकत नाही असं म्हणतात. ते सरकारी खोट्याबद्दल नाही, घरातल्या खोट्याबद्दल. एका दुपारी शिवणकाकूंच्या बोटाला ओवताना चरा गेला. सुई तर दुसऱ्या हातात होती. तिने बटण उलटं केलं, मागून अंगठा फिरवला, भोकातून दोरा ओढून दोनदा इकडेतिकडे केला. दोरा तुटला. नवरा घरी आला तेव्हा ती बटणांचा पुठ्ठा समोर ठेवून बसली होती.

"ही सही तुमचीच ना?"

"हो."

"मग महिनाभर मी दोऱ्याला कशाला शिव्या घालत होते? सही तुमची, म्हणून बटण उलटं करून बघितलं नाही मी. माझ्या हातावर शंका घेतली, तुमच्या सहीवर नाही घेतली."

पिंपकाकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अगं, घर गेलं असतं."

"घर आहे ना आता? बघा त्यात एक तरी गिऱ्हाईक दिसतंय का."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तडक काटकसर अधिकाऱ्यांच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "दाखला खोटा आहे. बटण मागून कापतंय. काय करायचं ते करा माझं."

अधिकारी मुळीच रागावले नाहीत. सत्य बाहेर यावं यासाठी कारखान्यात एक पद्धत होती, तिला चौकशी समिती म्हणत. समितीत तीन सदस्य होते. मखमलीच्या तबकात बारा बटणं मांडून समोर ठेवली होती, सगळी चकाकती बाजू वर करून. सदस्यांनी वाकून पाहिलं. एकाला त्यात स्वतःचा चेहरा दिसला, त्यामुळे त्याचं मत तिथेच अनुकूल झालं.

"साहेब, उलटं करून बघा," म्हणत पिंपकाकांनी हात पुढे केला.

"नमुन्याला हात लावू नका!" अध्यक्ष ओरडले. "नमुना ज्या स्थितीत सादर झाला त्याच स्थितीत तपासायचा असतो. उलटा केला तर तो वेगळा नमुना होतो."

समितीचा निष्कर्ष पंधरा दिवसांनी आला. 'मालाच्या दाखल्यावर पिंपचालकाची सही आहे. सदर कर्मचाऱ्याची एकतीस वर्षांची निष्कलंक सचोटी पाहता त्यांची सही खोटी असणे संभवत नाही. सबब त्यांचे म्हणणे खोटे आहे. तथापि त्यांची सचोटी लक्षात घेऊन त्यांच्यावर कारवाई करू नये.' उलट त्यांना रोज सह्या करण्याचा त्रास नको, म्हणून त्यांच्या सहीचा रबरी शिक्का बनवून काटकसर अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवण्यात आला. पिंपकाका आयुष्यात पहिल्यांदा गैरहजर राहूनही प्रामाणिक ठरू लागले.

आणि बटणं तुटतात ती कशामुळे? शिलाईमुळे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. गावातल्या समस्त शिंप्यांना तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला बोलावण्यात आलं. यादीत पहिलं नाव शिवणकाकूंचं होतं, कारण सर्वांत जास्त बटणं तिने लावलेली होती आणि म्हणून सर्वांत जास्त तिचीच तुटली होती.

ती परत आली तेव्हा पिंपकाकांनी भीतभीतच विचारलं, "काय शिकवलं?"

"दोरा बटणाला लागू न देता बटण कसं लावायचं, ते."

"जमलं कुणाला?"

"साहेबांना जमलं. फळ्यावर काढून दाखवलं त्यांनी." असं म्हणून ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. पिंपकाका तिच्याजवळ जाऊन बसले. त्यांनी पुठ्ठ्यावरचं एक बटण काढलं, अंगणातला गुळगुळीत दगड आणला, त्यावर पाणी शिंपडलं आणि बटण उलटं धरून घासायला सुरुवात केली. पंधरा मिनिटांनी ते तिच्या हातात दिलं. तिने मागून अंगठा फिरवला आणि सुई ओवली.

मग रोज संध्याकाळी हेच चाललं. दिवसभर कारखान्यात बटणाची एक बाजू, संध्याकाळी घरी दुसरी. काम चोख, फक्त वेळ लागायचा. गिऱ्हाइकाला "उद्या या" म्हणावं लागायचं. मास्तर दुसऱ्या दिवशी आले. त्यांचं बटण टिकलं. पोस्टमनही टिकलेलं बटण दाखवायला मुद्दाम येऊन गेला. शिवणकाकूंना वाटलं, गेलेला शब्द हळूहळू परत येईल.

अशात एक गृहस्थ आले. हातात निळा शर्ट होता, वरून दुसरं बटण गेलेलं. घाईत होते.

"उद्या या," शिवणकाकू म्हणाली. "बटण मागून घासावं लागतं."

"मागून? मागून कोण बघायला जातंय, काकू! वरून चमकतंय ना? झालं तर मग. नाही जमत तर सांगा, कोपऱ्यावरचा पाच मिनिटांत लावून देतो."

तिने त्यांना बटण उलटं करून दाखवायला पुढे केलं. ते घड्याळाकडे बघत होते. तिने नवऱ्याकडे पाहिलं. पिंपकाकांच्या हातात ओला दगड तसाच होता. बावीस वर्षांत पहिल्यांदाच तिने, टिकणार नाही हे माहीत असलेलं बटण लावून दिलं. गृहस्थांनी आरशात पाहिलं, खूश झाले आणि गेले.

तिसऱ्या आठवड्यात ते बटण पडलं. गृहस्थांनी भर रस्त्यात उभं राहून सांगितलं, की या बाईला साधं बटण लावता येत नाही, आणि रस्त्याला ते लगेच पटलं, कारण रस्त्यालाही घाई होती. शिवणकाकूने यंत्रावर खोळ घातली. पिंपकाकांच्या निवृत्तीला तेव्हा एक महिना उरला होता.

त्या गृहस्थांचं नाव सांगणार नव्हतो. पण निळा शर्ट, वरून दुसरं बटण, एवढं वाचल्यावर तुमचा हात आपोआप छातीशी गेला, तेव्हा आता लपवण्यात अर्थ नाही. बटण जागेवर आहे ना? चाचपलंत? पण खरं सांगा, आत्तासुद्धा पुढूनच चाचपलंत ना?