आईच्या बदलीला मालन

तात्या निगवेकरांच्या टीव्हीतल्या आईनं भर सिनेमात जात्याचा खुंटा सोडला आणि आता आपल्याच्यानं मरवत नाही, असं सांगितलं.

मालन चौगुले तेव्हा तिथंच होती. शेजारच्या घरातून वाटीभर आमटी द्यायला म्हणून ती रोज दुपारी यायची आणि आमटी सोडून बाकी सगळं बघून जायची. तात्यांची बायको गेल्यापासून घरात हा एकच जुना काळा-पांढरा सिनेमा चालायचा. मुलगा शहरात जातो, आई लोकांची दळणं दळून खंगते, तो दारात येऊन पोचतो आणि ती प्राण सोडते. बायको गेली तेव्हा तात्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. ही आई मेली की मात्र डोळे वाहायचे, आणि डोळे वाहिले की मग कुठं झोप लागायची. नाहीतर त्यांच्या येरझारा भिंतीपलीकडून मालनला ऐकू यायच्या.

"बाई, काही चुकलं का माझं?" तात्यांनी हात जोडले.

"चुकलं नाही हो. पण पूर्वी लोक सणासुदीला बघायचे. तुम्ही रोज बघता. हाडं शिणली माझी." आई काचेला टेकूनच बोलत होती.

"काय करू? मरायच्या आधी कंदील खाली ठेवता ना, तेव्हा तुमचा हात जरा तसाच राहतो बघा, हवेत. तेवढ्यासाठी लावतो. आताच्या नट्यांना जमंल का ते?"

आईनं आपला हात उलटसुलट करून पाहिला. "ते कुणी शिकवलं नव्हतं," ती म्हणाली. "त्या दिवशी हात खरंच दुखत होता. कुणाच्या ध्यानात आलं असंल, असं वाटलं नव्हतं."

"मग आज नका मरू," तात्या म्हणाले, पण त्यांचा चेहरा उतरला.

मालनला राहवेना. गल्लीत कुणाचा गॅस यायचा असो, कुणाच्या आजाऱ्याजवळ बसायचं असो, बोलावणं तिलाच. "बाई, तुम्ही बाहेर या आणि जरा पडा," ती म्हणाली. "तुमच्या जागी मी बसते. मरायचंच आहे ना? रोज बघून सगळं पाठ झालंय मला."

आई बाहेर आली आणि तात्यांच्या बायकोच्या कॉटवर आडवी झाली. मालन पदर खोचून आत शिरली. तिची पोपटी साडी राखाडी झाली, बाकी काही अडचण आली नाही. तिनं दळण दळलं, बेतानं खोकली, कंदीलही ठेवला. मुलगा दारात आला आणि तिथं घोटाळा झाला.

"आई, मी आलो!"

"ये बाबा. जेवलास का?"

मुलगा गांगरला. हे संवादात नव्हतं. "नाही," तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. सिनेमाभर त्याला कुणी वाढलंच नव्हतं.

"मालन, मर आता," बाहेरून तात्या म्हणाले.

"मरते हो. दारात आलेल्या पोराला उपाशी ठेवून कशी मरू? बैस रे. पगार किती तुला? आईला पत्र का घातलं नाहीस? लग्न-बिग्न उरकलंस का गुपचूप?"

तेवढ्यात ठरल्याप्रमाणे डॉक्टर आले. त्यांनाही तिनं पाट दिला.

तात्या वैतागून बाईंना गाऱ्हाणं सांगायला वळले. मालननं भाकरी थापता थापता काचेतून पाहिलं. बाई गाढ झोपल्या होत्या. एक हात कॉटवरून खाली लोंबत होता. तात्यांची बायकोही अधूनमधून "जरा पडते" म्हणायची. पण पडलेली मालननं तिला कधी बघितली नव्हती, आणि मालनच्या नजरेतून काही सुटत नसे.

तात्या उभेच राहिले. मग त्यांनी तो हात अलगद उचलून गोधडीत घेतला. कुणी मेलं नव्हतं, तरी त्यांचे डोळे वाहू लागले. कॉटशेजारच्या खुर्चीत ते बसले आणि बसल्या बसल्याच त्यांची मान कलली.

मुलानं हात धुतला आणि चुळबुळत म्हणाला, "काकू, माझी आरोळी राहिली. शेवटी मी 'आई' म्हणून ओरडतो."

"ओरड की. पण हळू. पलीकडं माणसं झोपलीत."

मुलगा दारात जाऊन उभा राहिला आणि कुणाला जाग येणार नाही अशा बेतानं 'आई' म्हणाला. मग 'समाप्त'ची अक्षरं आली. मालननं ती जरा बाजूला सारली आणि उष्टी ताटं उचलली.