फाटकाबाहेरचा हॉर्न

आमचे शेजारी देवरावकाका वाळवंट पार करून येतात, पण स्वतःच्या फाटकातून आत जायला त्यांना अर्धा तास लागतो. दारासमोर जीप थांबवायची, इंजिन चालूच ठेवायचं आणि हॉर्न वाजवत बसायचं. फाटक उघडायला घरात कुणी नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. त्यांनाही.

जन्मभर वाळूजच्या कारखान्यात त्यांनी लोकांच्या गाड्यांचे गिअरबॉक्स जोडले. निवृत्त झाल्यावर चारही चाकांनी ओढणारी जुनी जीप घेतली आणि निघाले. कधी लडाखच्या डोंगरातलं राष्ट्रीय उद्यान, कधी जैसलमेरकडचं वाळवंटातलं. एकदा मी हौसेनं विचारलं, "काका, माळढोक दिसला का?"

"मी रस्ता बघू का पाखरं बघू?"

जगातल्या सगळ्या दुखण्यांवर त्यांच्याकडे एकच औषध, वाळूत रुतलेल्या गाडीचं. माझं बायकोशी वाजलं, "लो गिअर टाक." मुलीला गणित जमेना, "लो गिअर टाक म्हणावं तिला." समोरच्या जोशींचं पोट साफ होत नव्हतं, त्यांनाही तेच सांगितलं. जोशी अजून बोलत नाहीत.

काकू जीपमध्ये कधी बसल्या नाहीत. त्यांना गाडी लागायची. पण हॉर्न ऐकला की भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन फाटकात यायच्या. आधी काकांवरून ओवाळायच्या, मग जीपच्या बॉनेटवरून, आणि वर म्हणायच्या, "आलात व्हय वाळू खाऊन?" काकू गेल्या त्याला आता दोन वर्षं होतील.

परवा काका जैसलमेरहून आले. हॉर्न सुरू झाला, दुपारची झोप मोडली. मी तणतणत बाहेर गेलो.

"काका, अहो बोलावताय कुणाला?"

त्यांच्या भुवयांतसुद्धा वाळू होती. हात स्टिअरिंगवरच.

"कुनाला नाय रे. तसंच आत गेलं की घरी आल्यावानी वाटत नाय."

लो गिअर टाका, असं त्यांना कसं सांगणार?

तेवढ्यात माझी बायको बाहेर आली. तिच्या हातात भाकरीचा तुकडा होता आणि तांब्या. काकांनी मान खाली घातली. तिनं ओवाळलं.

"गाडीवरनं बी," ते पुटपुटले.

तिनं बॉनेटवरूनही ओवाळलं, तुकडा लांब टाकला, चाकांवर पाणी ओतलं. मग जरा दटावूनच म्हणाली, "आलात व्हय वाळू खाऊन?"

"व्हय," काका म्हणाले, "आलो." आणि त्यांनी इंजिन बंद केलं.